अशक्तपणा कुठे असतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलावयास उभे केले आहे, यात माझी योग्यता काही नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. मंडळात आजवर माझे काम म्हणजे हळदीकुंकवाच्या दिवशी सतरंज्या घालणे आणि भिशीचा हिशेब ठेवणे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "धाकट्या जाऊबाईंना घेऊन तुम्ही मिरजेला जी तपासणी करून आलात, तेवढेच सांगा. चारचौघींना उपयोग होईल." म्हणून धीर करून उभी आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

हातापायांत बळ राहिले नाही, मुंग्या येतात, वस्तू हातून पडते, अशी तक्रार असली म्हणजे मज्जातंतूंची आणि स्नायूंची विजेच्या यंत्रावर तपासणी करतात. डॉक्टर लोक तिला 'एन. सी. व्ही.' आणि 'ई. एम. जी.' म्हणतात. आपल्याकडे तिचे नाव 'करंटची तपासणी' असे पडले आहे, आणि त्या नावानेच निम्मी माणसे दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरतात. त्या तपासणीत काय करतात ते मी सांगणार आहे. पण त्याआधी मला एक कबुली दिली पाहिजे. ती दिल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझी धाकटी जाऊ तिशीतली. आल्या दिवसापासून कामाला वाघ. शेकडा दीडशे माणसांचा स्वयंपाक असो की बेदाणा निवडायला बसणे असो, तिने कधी कंबर धरली नाही. २०२३ सालच्या उन्हाळ्यापासून मात्र तिचे काहीतरी बिनसले. सकाळी उठावे तो अगदी ठणठणीत. वीस भाकरी थापून मोकळी. आणि संध्याकाळी चौथ्या-पाचव्या भाकरीलाच हात गळून पडायचे. वेणी घालताना हात डोक्यावर ठरायचे नाहीत. दिवे लागले की म्हणायची, "अक्का, मला एकाच्या जागी दोन दिवे दिसतात."

भगिनींनो, त्यावर मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "दोन दिवे दिसतात ना, मग दोन भाकरी जास्त थाप." घरातली सगळी हसली. तीही हसली. ते हसणे मला आज आठवले म्हणजे तोंडात घास फिरतो.

अशक्तपणा हा आपल्या घरांतला फार स्वस्त शब्द आहे. प्रत्येक बाईला तो असतो, म्हणून कोणाचाच खरा धरत नाहीत. भावजींनी तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेले, रक्त तपासले, रक्त थोडे कमी निघाले, टॉनिकची बाटली आणि इंजेक्शने झाली. डोळ्यांचा नंबर पाहिला, तोही ठीक. मग तर आम्हाला पुरावाच मिळाला! सासूबाई म्हणाल्या, "सकाळी बरी आणि कामाच्या वेळी आजारी, हा कुठला गं रोग?" मी त्यांना दुजोरा दिला.

त्या वर्षीच्या गौरी-गणपतीत आणखी एक गोष्ट झाली. आरतीला तिचा आवाज पहिल्यांदा खणखणीत लागायचा आणि शेवटी शेवटी नाकातून येऊ लागायचा. चहा पिताना एकदा तो नाकातून बाहेर आला आणि तिला ठसका लागला. मी म्हटले, घाई कशाला करतेस?

मग एके रात्री मी पाणी प्यायला उठले. सगळ्यांची पाने होऊन गेली होती. स्वयंपाकघरात ती एकटीच जेवत बसली होती. डाव्या हाताने हनुवटी वर धरली होती आणि त्या हाताच्या आधाराने ती भाकरीचा एकेक घास चावत होती. जबडा आपला आपण चालत नव्हता. मी दाराशी उभी आहे हे तिला माहीतही नव्हते. माझ्या पोटात धस्स झाले. ढोंग करणाऱ्याला बघणारा लागतो. त्या वेळी तिथे बघणारे कोणी नव्हते. मला सगळे उमगले. रोगाचे नाव कळायला वेळ लागला, पण ती खरे बोलत होती एवढे त्याच रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी मीच भावजींना म्हटले, "हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे, आणि मी बरोबर येणार."

मिरजेच्या डॉक्टरांनी तिला एक मिनिटभर वर आढ्याकडे टक लावून पाहायला सांगितले. पाहता पाहता तिच्या पापण्या नाटकाच्या पडद्यासारख्या खाली आल्या. मग त्यांनी फडक्यात बर्फ गुंडाळून तो मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे धरावयास लावला. बर्फ काढला तो पापणी वर! डॉक्टर म्हणाले, "मला संशय आहे तो या तपासणीतून बराचसा फिटेल," आणि करंटच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

घरी आलो तर रणकंदन. सासूबाई म्हणाल्या, "आधीच बळ नाही, त्यात वीज लावून उरलेले काढून घ्यायचे का?" शेजारणीने सांगितले, पाठीच्या मणक्यात सुई घालतात. कोणी म्हणाले, माणूस लुळे पडते. यातले एकही खरे नाही. म्हणून आता तपासणी कशी असते ते सांगते.

आपल्या मागल्या खोलीतला दिवा लागत नाही, असे समजा. वायरमन येतो तो काय पाहतो? मेन स्विचमधून वीज निघते का, वायर मध्ये कुठे तुटली आहे का, वायरीवरचे रबर झिजले आहे का, होल्डरमध्ये दिवा नीट टेकतो का, आणि शेवटी दिवाच गेला आहे का. दिवा लागत नाही ही तक्रार एकच, पण दोषाच्या जागा पाच. जागा कळल्याशिवाय नुसता दिवा बदलून काय उपयोग? शरीराचेही तसेच आहे. मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू हा मेन स्विच. तिथून हातापायांकडे जाणारे मज्जातंतू, ज्यांना आपण बोलताना नसा म्हणतो, त्या वायरी. (रक्ताच्या शिरा वेगळ्या, त्यांचा येथे संबंध नाही.) मज्जातंतूवर एक वेष्टन असते, ते वायरीचे रबर. मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो ती जागा म्हणजे होल्डर. आणि स्नायू हा दिवा. हात गळला असे आपण म्हणतो, पण तो कुठल्या जागेपायी गळला, हे डोळ्यांनी दिसत नाही आणि पुष्कळदा रक्तातही कळत नाही. त्यासाठी हे यंत्र आहे.

यंत्राच्या खोलीत एक खाट, एक टेबल आणि त्यावर पडदा असलेले यंत्र. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्रथम तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "गार आहेत, आधी ऊब देऊ." गार हातात मज्जातंतू मंद चालतो आणि नसलेला दोष दिसू शकतो, असे कारण त्यांनी सांगितले. बांगड्या मागे सारल्या, हातावर पट्ट्या चिकटवल्या. मग मनगटावर दोन बोंडांचे एक हत्यार टेकवले. टिक् असे झाले आणि तिची करंगळी आपली आपण उडाली. पडद्यावर डोंगरासारखी एक रेघ उठली. पुन्हा कोपराशी टिक्, पुन्हा डोंगर. मग बाईंनी शिंप्याची असते तशी टेप काढली आणि कोपरापासून मनगटापर्यंत माप घेतले! मला हसूच आले. पण त्यातले गणित आपल्या भिशीइतके सोपे आहे. दोन जागांमधले अंतर भागिले दोन डोंगरांमधला वेळ, म्हणजे मज्जातंतूचा वेग. निरोगी हाताच्या मज्जातंतूतून निरोप सेकंदाला सुमारे पन्नास मीटर किंवा त्याहूनही वेगाने धावतो. म्हणजे ताशी १८० किलोमीटर. आपली एस. टी. त्यापुढे बैलगाडी म्हणावयाची.

वेग फार मंदावला तर वायरीचे रबर झिजले आहे असे समजावे. वेग बरा पण डोंगर ठेंगणा, तर पुष्कळदा आतले तंतूच कमी झालेले असतात. मनगटाशीच वेग अडखळतो आणि पुढेमागे ठीक आहे, तर मनगटात मज्जातंतू दाबला गेला आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींना रात्री अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होऊन जाग येते आणि हात झटकावा लागतो. तो पुष्कळदा हाच मनगटातला दाब असतो. मधुमेह, थायरॉईड आणि गरोदरपण यांत तो जास्त आढळतो.

दुसरा भाग सुईचा. ही सुई अगदी बारीक, आणि तिच्यातून औषधही जात नाही आणि वीजही जात नाही. ती फक्त ऐकते. स्नायू स्वस्थ असला म्हणजे यंत्र गप्प असते. हात जरा आवळा म्हटले की खरखर सुरू होते. मज्जातंतू तुटून स्नायू पोरका झाला असेल तर स्वस्थ असतानाही पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो, असे बाईंनी सांगितले. माझ्या जावेचा स्नायू गप्प राहिला, तेव्हा मला बरे वाटले. सुई मणक्यात वगैरे काही घातली नाही. दंडात आणि मांडीत घातली, आणि ती दुखली केवढी, तर इंजेक्शनाइतकी.

येथवर सगळे ठीक निघाले. वेग ठीक, डोंगर ठीक, सुई ठीक. भगिनींनो, खरे सांगते, माझ्या मनात क्षणभर तोच जुना विचार डोकावला, की म्हणजे हिला काहीच नाही की काय? माणसाचे मन किती हट्टी असते पाहा.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता होल्डर पाहू." खांद्याच्या स्नायूवर पट्ट्या लावल्या आणि मानेच्या बाजूला एकापाठोपाठ एक, सेकंदाला तीन, असे दहा टिचके दिले. पडद्यावर ओळीने डोंगर उठले. पहिला उंच, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. पायऱ्या उतराव्यात तसे. पहिला डोंगर शंभर धरला, तर चौथा सत्तरच्या आसपास. निरोगी माणसाचे सगळे डोंगर जवळजवळ सारखे असतात, आणि दहाव्या हिश्श्याहून अधिक उतार पडला तर तो दोष धरतात. मग तिला मिनिटभर खांदे वर उचलून धरावयास सांगितले, आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाहिले. दोनतीन मिनिटांनी उतार आणखी वाढला.

मी सातवी शिकलेली, पण तो पडदा मला वाचता आला. पहिली भाकरी, दुसरी भाकरी, तिसरी भाकरी, आणि चौथ्या भाकरीला हात गळाला. ती उन्हाळ्यापासून जे सांगत होती ते अक्षर न् अक्षर तिथे लिहिलेले होते. माझी जाऊ खाटेवरून मान वळवून माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "अक्का, दिसतंय ना?" मी म्हटले, "दिसतंय गं बाई." याहून जास्त मला बोलता आले नाही.

या रोगाचे नाव 'मायस्थेनिया ग्रेव्हिस'. मज्जातंतू स्नायूला जो निरोप देतो तो एका रसायनाने देतो, आणि तो झेलायला स्नायूवर जागा असतात. या रोगात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून त्या जागांवर हल्ला करते. जागा कमी पडतात. पहिले निरोप पोचतात, पुढचे पुढचे पोचत नाहीत. विश्रांती घेतली की पुन्हा पोचतात. म्हणून सकाळी बरे आणि संध्याकाळी आजारी! आम्ही जो तिच्या खोटेपणाचा पुरावा समजत होतो, तेच या रोगाचे मुख्य लक्षण निघाले. पुढे रक्ताच्या खास तपासणीतही तेच सिद्ध झाले. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यात गाठ नाही ना हे पाहण्यासाठी छातीचा स्कॅन काढला, तो सुदैवाने चांगला आला.

माझी लेक विज्ञान शाखेला आहे. तिने मला या विद्येचा थोडा इतिहास वाचून सांगितला. इटलीत बोलोन्या शहरी लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होताच तो उडतो हे अभ्यासले आणि १७९१ साली ते प्रसिद्ध केले. त्यांच्या पत्नी लुसिया या प्रयोगांत त्यांच्या बरोबरीने काम करीत. निबंध छापला गेला तेव्हा त्या हयात नव्हत्या. १८५० साली जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूचा वेग मोजला. १८९५ साली बर्लिनच्या डॉ. योली यांनी दाखवले, की मायस्थेनियात पुन्हा पुन्हा वीज दिली तर स्नायू थकत जातो. माझ्या जावेची तपासणी झाली ती त्याच तत्त्वावर.

आणि औषध शोधले कोणी? एका बाईने! डॉ. मेरी वॉकर या स्कॉटलंडच्या. लंडनमध्ये ग्रिनिच येथील एका साध्या रुग्णालयात त्या नोकरीला होत्या. कुरारे नावाचे एक विष आहे, त्यानेही माणूस असेच गळून जाते. त्या विषावर जे औषध चालते ते या रोगावर का चालू नये, असा त्यांनी विचार केला. १९३४ साली त्यांनी एका रोगी बाईला ते टोचले आणि काही तासांपुरते तिचे बळ परत आले. आज माझी जाऊ ज्या गोळ्या घेते त्या त्याच औषधाच्या वंशातल्या. पहिली गोळी घेतल्यावर तासाभरात तिने न थांबता अख्खी भाकरी खाल्ली. सासूबाई तिच्यासमोर बसून राहिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त आणखी एक भाकरी तिच्या ताटात वाढली.

रोग समूळ गेला असे नाही. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, इतरही औषधे चालू आहेत, आणि काही अँटिबायोटिक औषधे तिला वर्ज्य आहेत, त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांकडे गेली तरी ती रोगाचे नाव आधी सांगते. गिळता येईनासे झाले किंवा श्वास अपुरा पडू लागला तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठायचे, हे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे.

ही तपासणी एकाच रोगासाठी नाही. मधुमेहाने पाय बधिर होतात, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतू दुबळे होतात, मानेत किंवा कंबरेत मज्जातंतू दाबला जातो, यांतही ती मार्ग दाखविते. २०२५ सालच्या जानेवारीत पुण्यात जी. बी. एस. नावाच्या रोगाची साथ आली आणि दोनशेहून अधिक रोगी नोंदले गेले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. त्या रोगात पायांपासून बळ जात वर चढते, आणि मज्जातंतू मंदावल्याचे याच यंत्रावर दिसते.

पण यंत्र म्हणजे देव नव्हे. अगदी बारीक मज्जातंतू या तपासणीत दिसत नाहीत, त्यामुळे पायांची आग खरी असूनही कागद चांगला येऊ शकतो. मायस्थेनियातही, विशेषतः रोग डोळ्यांपुरताच असला तर, तपासणी निर्दोष येऊ शकते. तेव्हा कागद चांगला आला म्हणजे बाई खोटी, असे कोणी म्हणू नये. आधी माणसाचे ऐकावे, मग यंत्राला विचारावे.

जाणाऱ्या भगिनींसाठी चार सूचना. त्या दिवशी अंघोळ करून जावे, पण अंगाला तेल किंवा मलम लावू नये, पट्ट्या चिकटत नाहीत. जेवून जावे, उपाशी राहण्याचे कारण नाही. दंड आणि पाय सहज उघडे करता येतील असे सैल कपडे घालावेत, घट्ट बांगड्या व अंगठ्या घरी ठेवाव्यात. हृदयाला पेसमेकर बसविला असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे. मायस्थेनियाच्या गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीपूर्वी किती तास थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारावे, आपल्या मनाने बंद करू नयेत. तासाभराचे काम असते. टिचके बसतात, दचकायला होते, पण त्याने बळ जात नाही. आमची ती उतरून चालत एस. टी.पर्यंत आली.

शेवटी मंडळाला एक विनंती करून मी माझे दोन शब्द पुरे करते. अशा तपासणीला बाई एकटी जायला भिते, आणि घरच्या पुरुषांना रजा नसते. आपण मंडळात सोबतीला जाणाऱ्या चार जणींची नावे लिहून ठेवू या. माझे नाव पहिले लिहावे. आणि घरात कोणी म्हणाले, "माझ्या अंगात बळ नाही," तर त्यावर हसण्याआधी एवढेच विचारावे, "कुठे नाही? केव्हा नाही?" मी हे दोन प्रश्न उन्हाळ्यात विचारले असते, तर माझ्या जावेचे सहा महिने वाचले असते.

ती आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. आजच्या कार्यक्रमाची रांगोळी तिनेच काढली, सकाळच्या वेळी, मध्ये विश्रांती घेत.